किसनआबांची मेंदी

पेडगावात आमचे शेजारी किसनआबा भेटले, की राम राम नंतर, आधी तळहात. डाव्या हातावर लाल ठिपकेच ठिपके. "ह्यो बांधावरल्या झाडाचा, ह्यो न्हाणीजवळच्या. सांग, कोणता रंगला?" चुलीवर दूध उतू जाईना का, निवाडा दिल्याशिवाय माझी सुटका नाही.

बाकीचे लोक मेंदीची फांदी तोडून कुंपणाला खोचतात. आबांना ते पटत नाही. "फांदी म्हंजी दत्तक. बी म्हंजी पोटचं!" मग ते बारीक बी पोटलीत बांधून भिजत घालायचं, रोज पाणी बदलायचं, वाळूत कालवून वाफ्यात टाकायचं, आणि दिवसभर कोंबड्या हाकलत बसायचं. एकदा माझीच कोंबडी वाफा उकरताना सापडली. आबा तिला काखेत धरून दारात हजर. "हिला जरा समजावून सांग." मी म्हटलं, "आन् तुमाला कोणी सांगावं?" आठवडाभर रुसले होते!

मिशीला मेंदी, बैलाच्या कपाळाला मेंदी. बायको गेल्यापासून म्हातारा बिघडला, असं गल्लीतल्या बाया पदराआड हसत म्हणायच्या.

गेल्या नागपंचमीला त्यांची लेक सुमन मानवतहून आली. लय दिवसांनी आली, आणि पाचच्या यष्टीनं परत निघणार होती. पंचमीला तोडायचं, चिरायचं, वाटायचं नसतं, म्हणून आबांनी पाला आदल्या दिवशीच पाट्यावर वाटून ठेवलेला. लावायला मला बोलावणं. "मनगटापर्यंत लाव. जाड लाव. कंजुशी करू नको!"

दोन्ही हात भरले. आता पोरीनं जेवायचं कसं? आबांनीच ताट ओढलं आणि पुरणाचे दिंड तुपात बुडवून घास भरवायला लागले.

"आई अशीच भरवायची," सुमन म्हणाली.

"मंग मी काय करायलोय?" आबा खेकसले. डोळे मात्र ताटातून वर निघेनात. मला लय माया आली त्यांची.

जेवणं झाली. आबा लिंबू-साखरेचं पाणी घेऊन लेकीसमोर बसले. लिंबूसुद्धा कालच पिळून ठेवलेलं! मेंदी वाळत आली, की कापसाच्या बोळ्यानं भिजवायची.

"आबा, वाळू द्या की. गाडी जाईल माझी."

"कच्ची हाय अजून. घाई केली की रंग चढत न्हाई."

पुन्हा वाळली, पुन्हा बोळा. मी हसू दाबत भिंतीकडं तोंड केलं.

फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला आणि लांब गेला. सुमननं बापाकडं बघितलं. "गेली ना?"

"गेली वाटतं," आबा म्हणाले, आणि बोळा खाली ठेवला. "आता वाळू दे."