टोपणावरची चिठ्ठी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. मुलीच्या लहानपणच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती : दोन.

एक अकरा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये, दुसरी नुकतीच पेन ड्राइव्हवर उतरवलेली. दुपारी मुलगी नातीला घेऊन येणार होती. 'आई माझ्याएवढी असताना कशी बोलायची?' हे ऐकण्याचा नातीचा हट्ट होता. मात्र जावयाने नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातल्यापासून लॅपटॉप धापा टाकत होता. म्हणून निवृत्त आरेखक असलेल्या आजोबांनी जुनीच सिस्टीम पुन्हा बसवायचे ठरवले, तेही पद्धतशीर. त्यासाठी त्यांनी दुसरा, कोरा पेन ड्राइव्ह आणला.

दोन्ही पेन ड्राइव्ह दिसायला जुळे. आजोबांनी त्यांच्या टोपणांवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या, 'साठा' आणि 'सिस्टीम', आणि ते निर्धास्तपणे आंघोळीला गेले.

परतल्यावर जुनी सिस्टीम उतरवून घ्यायला त्यांनी 'सिस्टीम' जोडला. यावरील सर्व काही पुसले जाईल, असे लॅपटॉपने बजावले. आजोबांनी टोपण चष्म्याजवळ नेऊन चिठ्ठी पुन्हा वाचली आणि होकार दिला. पुढे लॅपटॉपही पुसून झाला. बाराच्या सुमारास तो तरण्याबांड गड्यासारखा पळू लागला.

"बघ, याला म्हणतात पद्धत!" आजोबांनी आजींना हाक मारली आणि 'साठा' जोडला. आत काहीच नव्हते.

"अगं, या ड्राइव्हना हात लावलास?"

"मी कशाला लावू? टोपणांत केवढी घाण होती! धुतली, पुसली, परत बसवली."

"कुठलं कशावर?"

"अहो, दोन्ही दोन्हींवर नीट बसली की!"

आजोबांनी दोन्ही टोपणांची अदलाबदल करून पाहिली. रागवावे, तर चिठ्ठी टोपणावर चिकटवणारा हात त्यांचाच होता. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"आता पोरीला काय सांगू गं?"

आजी आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातून त्या ध्वनिमुद्रणाची मूळ कॅसेट व माळ्यावरचा टेपरेकॉर्डर घेऊन आल्या.

"ही टाकून दे म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतात. म्हणूनच लपवली."

मुलगी आणि नात कान देऊन बसल्या. खरखर झाली. मग आजोबांचाच तरुण, करारी आवाज आला, "हे लाल बटण कधी दाबायचं नाही हं. आधीचं सगळं पुसलं जातं."

त्यावर एक चिमुकला आवाज, "मग बाबा, तुम्ही का दाबलं?"

नात खदखदून हसली. आजोबांनी कॅसेट बाहेर काढली आणि चिठ्ठी थेट कॅसेटच्याच अंगावर चिकटवली.

शिल्लक प्रती : एक.