लखनऊ फराळ डॉट कॉम

विभाताईंनी भाजणी दळून आणली, डबे धुऊन गच्चीवर उन्हात घातले आणि 'आता बघू या तरी, किती ऑर्डरी आल्यात' म्हणून फोनवर आपलं संकेतस्थळ उघडलं. तिथे चकली नव्हती. चिवडा नव्हता. मोरपिशी साडीतला त्यांचा फोटोही नव्हता. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं की, हे नाव विकायचं आहे.

"अहो," त्यांनी स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "आपलं दुकान कुणीतरी विकायला काढलंय!"

जगदीशराव पोंक्षे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. रेल्वेच्या भांडार विभागात, खिळ्यापासून इंजिनाच्या चाकापर्यंत हरेक वस्तू खरेदी करण्यात त्यांची हयात गेली होती. साऱ्या नोकरीत त्यांच्या एका सहीवरही कुणी आक्षेप घेऊ शकलं नाही. एकही वस्तू वेळेवर आली नाही ही गोष्ट वेगळी.

"विकायला कसं काढेल? नाव आपलं आहे," ते म्हणाले.

"मुदत होती ना त्याची? ती वाढवली होती का तुम्ही?"

जगदीशरावांनी पेपरची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाईमाणसाला एवढं पुरतं.

"संपली!" विभाताई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"संपली म्हणजे... नूतनीकरणाची प्रक्रिया चालू होती."

"कधीपासून?"

"होळीपासून."

दसरा तोंडावर आला होता. आणि विभाताईंचं सगळं वर्ष दसरा ते दिवाळी एवढ्यातच असे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे छावणीतली आणि संशोधन संस्थांच्या वसाहतींमधली मराठी कुटुंबं. ती आज लखनऊला, तर उद्या जोधपूरला. दर वर्षी निम्मी घरं बदलायची. जाणारी बाई येणारीला गॅसवाल्याचा नंबर, दूधवाल्याचं नाव आणि फराळाचा रिकामा डबा देऊन जायची. त्या डब्याच्या झाकणावर छापलेलं असे, लखनऊ फराळ डॉट कॉम. तेवढ्यावर विभाताईंचा धंदा उभा होता. झाकणावर आपला फोन नंबरही घालू या, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पण जगदीशरावांनी हाणून पाडलं. फोनवर घेतलेल्या ऑर्डरीला पुरावा काय? व्यवहार एकाच खिडकीतून झाला पाहिजे. झालं, आता ती खिडकीच दुसऱ्याच्या भिंतीत गेली होती.

मुलगी सानिका तिच्या खोलीतून बँकेत जायच्या तयारीने बाहेर आली. संकेतस्थळ तिनेच बनवून दिलं होतं. मुदत वाढवण्याचं काम मात्र बाबांनी हट्टाने आपल्याकडे घेतलं होतं.

"पापा, होली से क्या प्रोसेस चल रहा था? एक बटन दबाना होता है!"

"बटन दाबण्यापूर्वी तीन दरपत्रकं मागवावी लागतात," जगदीशराव शांतपणे म्हणाले. "मी तीन कंपन्यांना लिहिलं. दोघांनी कळवलं, नाव जिथे नोंदवलंय तिथेच नूतनीकरण होतं, आम्ही दर देऊ शकत नाही. म्हणजे एकच दरपत्रक उरलं. एका दरपत्रकावर खरेदी करायची तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते."

"आणि या घरात सक्षम अधिकारी कोण?" विभाताईंनी विचारलं.

"तूच की!"

"मग मला विचारलं का नाहीत?"

"प्रस्ताव तयार होत होता."

विभाताई मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं. बेसन आलं होतं, तूप आलं होतं, मदतीला येणाऱ्या पद्माला महिनाभराचा शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर बेसन-तुपाचं त्यांना एवढं नव्हतंच. आयुष्यभर त्या 'पोंक्षे साहब की मिसेस' होत्या. गेल्या दिवाळीत छावणीतल्या एका कर्नलीणबाईंनी जगदीशरावांकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे फराळवाल्या विभाताईंचे मिस्टर का?" तो दिवस त्यांनी मनात साजूक तुपात तळून ठेवला होता.

जगदीशरावांनाही बायकोचे डोळे पाहून वाईट वाटलं. त्यांनी तडक नाव नोंदवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"सर, वो नाम अब हमारे पास है ही नहीं," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "मुद्दत के बाद भी कई हफ्ते रखा था. आपको बहुत सारे मेल भेजे."

"कुठल्या पत्त्यावर?"

तिने पत्ता वाचून दाखवला. तो रेल्वेच्या कचेरीतला होता आणि निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी बंद झाला होता.

"तो पत्ता बदलायचा असता तर काय करावं लागलं असतं?"

"पुराने पते पर एक कोड जाता है सर. वो डालना होता है."

"म्हणजे बंद पडलेला पत्ता बदलायला बंद पडलेल्या पत्त्याचीच परवानगी?"

"जी सर."

जगदीशरावांनी फोन ठेवला. मग अगदी मनापासून म्हणाले, "नियम चोख आहे हं. मानलं पाहिजे."

विभाताईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी थेट बोलणं सोडलं. "सानिका, तुझ्या बाबांना म्हणावं, जेवायला या," असा कारभार सुरू झाला.

सानिकाने शोध घेतला. नाव लखनऊच्याच चिनहट भागातल्या कुणा राघव नावाच्या तरुणाने उचललं होतं. मुदत संपलेली नावं हेरायची, उचलायची आणि मालकालाच विकायची, हा त्याचा धंदा. "पापा, मैं फोन करके प्यार से बात करती हूँ. थोड़े में मान जाएगा," ती म्हणाली.

"थेट मालकाशी बोलणी? बाजारभाव न काढता?" जगदीशरावांना शहारा आला. "अजिबात नाही. या वेळी सगळं रीतसर होईल. आणि झटपट होईल, बघच तू."

आणि खरोखरच झटपट झालं. असं नाव मिळवून देणारे दलाल असतात. जगदीशरावांनी दिल्लीचा एक, कानपूरचा एक आणि हैदराबादचा एक असे तिघं गाठले. तिघांना सारखाच मजकूर पाठवला की नाव कोणत्याही परिस्थितीत हवं आहे, मालकाचा दर काढून कळवा, विषय गोपनीय आहे. एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही तर निविदेची पहिली पायरी. आता तिघांनी दर आणून द्यायचे आणि सर्वांत कमी दर स्वीकारायचा.

तिघंही एकाच राघवकडे गेले. दुसरीकडे जाणार कुठे? सकाळी दिल्लीवाला बोलला तेव्हा राघवने नव्या स्कूटरएवढी किंमत सांगितली. दुपारी कानपूरवाल्याचा फोन आला, तेव्हा तो सावरून बसला आणि जुन्या मारुतीवर गेला. संध्याकाळी हैदराबाद बोललं. त्यानंतर राघवने फोन उचलणंच बंद केलं.

शेवटी सानिकाने स्वतःच्या फोनवरून त्याला गाठलं आणि बाबांना बोलायचंय म्हणून स्पीकर लावला.

"आदाब अंकल जी!" राघव अदबीचा पुतळा होता. लखनऊमध्ये खिसासुद्धा 'तकलीफ माफ' म्हणून कापतात. "आप बुजुर्ग हैं, आपसे क्या छुपाना. तीन-तीन बड़ी पार्टियाँ पीछे पड़ी हैं. दिल्ली, कानपुर और हैदराबाद."

"अहो, ती तिन्ही मीच आहे! वो तीनों मैं ही हूँ!" जगदीशराव ओरडले.

"सब यही कहते हैं अंकल जी."

"मैं सच बोल रहा हूँ!"

"बिल्कुल, बिल्कुल. पर अब मैं बेच नहीं रहा. जिस चीज के लिए हैदराबाद तड़प रहा हो, उसमें कुछ तो बात होगी. ये फराल का काम मैं खुद करूँगा. दुआ दीजिएगा."

फोन बंद झाला. विभाताई उठल्या. त्यांनी गच्चीवरचे डबे खाली आणले आणि माळ्यावर टाकले. "सानिका, तुझ्या बाबांना म्हणावं, झालं का समाधान?" एवढंच म्हणून त्या देवघरात जाऊन बसल्या. त्या रात्री पोंक्षे कुटुंब खिचडीवर होतं, आणि खिचडीवर तूप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लखनऊ फराळ डॉट कॉम पुन्हा सुरू झालं. वर फोटो होता समोशांचा. खाली राघवचा फोन नंबर, भला मोठा. त्याचा हिशेब साधा होता. फराल म्हणजे मराठी लोगों का नमकीन. बाजारातून किलोवर आणायचं, डब्यात भरायचं, छावणीत पोचवायचं. ऑर्डरी धडाधड यायला लागल्या आणि राघवने स्वतःच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

पण ऑर्डरींच्या मागोमाग फोनही आले.

खिडकी एकच आणि तिच्यावर नंबर लिहिलेला. मग मराठी बाई गप्प बसते होय? पहिला फोन सकाळी, राघव दात घासत असताना. "चकली भाजणीची ना? नाहीतर तांदळाची माथी माराल." दुसरा, "चिरोट्याला पदर सुटतात का? गेल्या वर्षी सुटले होते." तिसऱ्या बाईंनी विचारलं, "कडबोळी आहेत?" कडबोळी हे खायचं असतं की नेसायचं, हेच राघवला ठाऊक नव्हतं. तो "जी है" म्हणाला आणि फसला, कारण लगेच पुढचा प्रश्न आला, "किती तिखट?" एका बाईंनी नमुना मागवला. त्याने बाजारातली शेव पाठवली. बाईंनी शेव परत पाठवली आणि फोनवर त्याला अर्धा तास सुनावलं. मग त्यांनी हा प्रकार वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि ती सगळी वसाहत राघवला एकेक करून फोन करू लागली. अखेरीस प्रत्येकीचं म्हणणं एकच, "तू राहू दे बाबा. विभाताईंना फोन दे."

चौथ्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात एक हडकुळा तरुण, एका हातात रेवड्यांचा पुडा, दुसऱ्या हातात थरथरणारा फोन.

"आंटी जी, मैं राघव. दीदी से पता पूछकर आया," तो म्हणाला आणि सरळ विभाताईंच्या पायाशी वाकला. "अपना नाम वापस ले लीजिए. मुफ्त में. दाम का नाम न लीजिए, शर्मिंदा हो जाऊँगा. बस ये फोन बंद करवा दीजिए. कल एक मैडम ने मेरी अम्मा से शिकायत की है."

जगदीशरावांची छाती फुगली. "बघ!" ते म्हणाले आणि पहिल्यांदाच थेट बायकोकडे पाहिलं. "शेवटी शून्य दरात काम झालं की नाही? सानिका, पेन आण. हस्तांतराचा मसुदा मी करतो. दोन प्रतींत करू."

"थांबा जरा," विभाताई म्हणाल्या. त्यांनी राघवला बसवलं, पाणी दिलं आणि समोर पाट ओढून बसल्या.

"राघव बेटा, एक बात बताओ. इस नाम की मुद्दत कब खत्म होती है?"

"मुद्दत?" राघव चमकला. "आंटी जी, मेरे सारे नाम दस-दस साल के लिए भरे रहते हैं. ऊपर से अपने आप रिन्यू भी होते हैं. यही तो रोजी है. भूल जाऊँ तो मुझ जैसा कोई दूसरा उठा ले."

"भूलते नहीं?"

"तौबा कीजिए."

"मग ते तुझ्याकडेच राहू दे," विभाताई म्हणाल्या. "अपने पास ही रखो बेटा."

सानिका तोंडावर ओढणी धरून वळली. जगदीशरावांचं उघडलेलं पेन तसंच राहिलं.

"विभा, पण हा... हा परका माणूस!"

"परका आहे, पण वेळेवर भरतो," विभाताई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या नवऱ्याशी सरळ बोलत होत्या आणि जगदीशरावांना वाटलं, यापेक्षा सानिकामार्फत बरं होतं. "माझं नाव मला पुन्हा माळ्यावर टाकायचं नाहीये. ऑर्डरी हा घेईल, फराळ मी करीन."

"और फोन, आंटी जी?" राघवने घाबरत विचारलं.

"फोन तो आएँगे. मैं सिखा देती हूँ, क्या बोलना है."

संध्याकाळपर्यंत माळ्यावरचे डबे खाली आले, पद्मा कामावर आली आणि कढईत तेल तापलं. राघव ओट्याजवळ स्टुलावर बसून कडबोळी म्हणजे काय ते खाऊन शिकत होता. बोलावल्यासारखा फोन वाजला. "नमस्कार मॅडम. जी, भाजणी की ही है," तो ठसक्यात म्हणाला. "पदर? सुटेंगे मॅडम, खूब सुटेंगे."

जगदीशराव दारात उभे होते. बराच वेळ त्यांना कुणी काही सांगितलं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "मग आता मी काय करायचं?"

विभाताईंनी भाजणीचा गोळा भरून सोऱ्या त्यांच्या हातात दिला. "पाडा."

जगदीशरावांनी बाह्या सरसावल्या. जोर लावला. सोऱ्यातून एक काटेरी तुकडा आला, तुटला, पुन्हा आला, कागदावर एकदा वळला आणि मधेच भलतीकडे निघून गेला. ते कौतुकाच्या अपेक्षेने वर पाहू लागले.

राघवने वाकून ती चकली नीट न्याहाळली. मग छातीवर हात ठेवून अत्यंत अदबीने म्हणाला, "अंकल जी, गुस्ताखी माफ. पर ये वाली किसी को भेजिएगा मत. फोन मुझे आता है."