मालक कोण?

लिफ्टचं दार बंद झालं आणि जावईबापू बटणांच्या पट्टीला चिकटून उभे राहिले. सहा वर्षं खपून त्यांनी एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली होती, यंत्रांच्या पोटातले अगदी तळाचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी. त्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम आज सकाळपासून ऑफिसची हीच लिफ्ट चालवत होता. जिन्याने जायची त्यांची फार इच्छा होती. पण ऑफिस सातव्या मजल्यावर, आणि ते बघायला आलेल्या सासूबाई सोबत.

“नवी भाषा कशाला हो काढलीत?” सासूबाईंनी विचारलं. “होती ती काय वाईट होती?”

“जुन्या भाषांत एकाच गोष्टीवर दोघं हक्क सांगतात आणि घोटाळा होतो. माझ्या भाषेत प्रत्येक गोष्टीला एकच मालक. जरा शंका आली, की सगळं जागच्या जागी थांबतं.”

लिफ्ट जागच्या जागी थांबली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये.

जावईबापूंना दरदरून घाम फुटला. खाली चार मजल्यांची पोकळी, वर एक दोर, आणि दोन्हींच्या मधे आपलं व्याकरण! त्यांनी लिफ्टमधला फोन उचलला.

“साहेब, इथे पडद्यावर काहीतरी आलंय,” खालून वॉचमन म्हणाला. “‘मालक कोण? दोघे हक्क सांगत आहेत.’”

“अहो, तो माझाच संदेश! तुम्ही फक्त...”

“मला ठाऊकच होतं, हे एक दिवस चव्हाट्यावर येणार. थांबा, दोघांना बोलावतो.”

इमारत दोन भावांची होती आणि त्यांचा दावा कोर्टात होता. पाच मिनिटांत फोनमधून दोघांचे आवाज यायला लागले.

“यंत्रालासुद्धा कळलं, तू घुसखोर आहेस ते!”

“मालक मी! लिही रे माझं नाव तिथे!”

“कुणी काही लिहू नका!” जावईबापू किंचाळले. ऐकायला कोण होतं? कुणी भलतंच बटण दाबलं तर? त्यांनी डोळे मिटले. “सासूबाई, माझं चुकलं. मी ही भाषा करायलाच नको होती.”

“रडू नका. आणि तो अंगठा कधीपासून तिथे दाबून धरलाय?”

जावईबापूंनी डोळे उघडले. भीतीपोटी त्यांचा अंगठा दार उघडायच्या बटणावर घट्ट बसला होता. मोटार म्हणत होती दार बंद ठेवा, अंगठा म्हणत होता उघडा. दाराला दोन मालक!

त्यांनी अंगठा काढला. लिफ्ट निमूटपणे वर निघाली.

सातव्या मजल्यावर दार उघडलं तर समोर मोठ्या बाई, ऑफिसच्या प्रमुख, टाळ्या वाजवत उभ्या.

“वा! इथल्या पडद्यावर, ऐन पाहुण्यांसमोर भाषेने आपली लायकी सिद्ध केली. शंका येताच थांबली! पाहुणे बेहद्द खूश आहेत. त्यांनी आत्ताच करार केला.”

जावईबापूंच्या जिवात जीव आला. “कोण पाहुणे?”

“विमानवाले,” बाई म्हणाल्या.

जावईबापूंनी भिंतीचा आधार घेतला.

“विमान जागच्या जागी थांबतं?” सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.