एक सर कमी पडत आहेत

आमच्या दहावी 'ब'च्या स्नेहमेळाव्याची सर्व तयारी पूर्ण झाली होती. जालना रोडवर हॉल घेतला होता. फेट्यांचा रंग तिसऱ्या बैठकीत एकमताने ठरला होता. पुरणपोळी की गुलाबजाम हा वाद उपसमितीकडे सोपवला होता आणि उपसमितीने दोन्ही ठेवून तो मिटवला होता. फक्त एक बाब राहिली होती. सर नव्हते.

सर नसले तर मेळावा होत नाही, हे ज्यांनी मेळावा केलाय त्यांना सांगायला नको. शाल कुणाच्या खांद्यावर घालायची? हजेरी कुणी घ्यायची? पन्नाशीच्या माणसांनी गुडघे सांभाळत बाकावर उभं राहायचं ते कुणाच्या हुकमावरून? त्यात 'अ' तुकडीनं गेल्या दिवाळीत दोन सर आणले होते, आणि त्यातले एक तर काठीशिवाय चालत आले होते. तेव्हापासून आमचे अध्यक्ष खंडेराव यांचा चेहरा उतरलेला होता. मला म्हणाले, "मुंजाबा, काय करायचं ते कर, पण सर पैदा कर. इज्जतीचा सवाल आहे."

माझं नाव कडूबा. मुंजाबा माझ्या शेजारी बसायचा आणि कबड्डी खेळायचा, म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात आहे. मी तिसऱ्या बाकावर भिंतीकडं बसायचो आणि काहीच खेळायचो नाही. निमंत्रकाचं काम मी होऊन मागून घेतलं होतं. निमंत्रक म्हणजे खुर्च्या मोजणारा. पण माझ्या मनात एक हौस होती, लपवायचं कशाला? भरल्या सभेत सरांनी एकदा माझं नाव घ्यावं. नुसतं 'कडूबा, उभा राहा' म्हणावं. तेवढ्यासाठी मी महिनाभर पळत होतो.

मी शिल्लक गुरुजनांचा आढावा घेतला. बहुतेक निवर्तले होते. एक सर पुण्याला मुलाकडे होते आणि मुलगा सोडत नव्हता. एक बाई होत्या, पण त्यांच्या तारखा महाशिवरात्रीपर्यंत बाकीच्या बॅचेसनी घेऊन ठेवल्या होत्या. राहता राहिले गणिताचे दांडगे सर. ते दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर वारले.

ग्रुपवर वारले, असं मी मुद्दाम म्हणतो. झालं असं, की मंजुषानं एका सकाळी पुण्याहून सरांचा जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आज सरांची फार आठवण येतेय.' त्याखाली एकानं हात जोडले. त्याखाली दुसऱ्यानं 'अरेरे' लिहिलं. तिसऱ्यानं भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आणि मग जी रांग लागली ती दुपारपर्यंत हटली नाही. मी विचारलं, 'नक्की का?' त्यावर खंडेरावांनी लिहिलं, 'मुंजाबा, ही वेळ चौकशीची नाही.' दोन मिनिटांचं मौन ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं पाळलं. त्यानंतर सरांनी जिवंत असणं शिस्तीला धरून नव्हतं.

शेवटी फेटेवाल्यानंच मार्ग दाखवला. त्याचा पुतण्या ऋतुराज मेळाव्यांचं कंत्राट घेतो. मी त्याच्या ऑफिसात गेलो आणि अडचण सांगितली. तो हसला.

"टेन्शन नै लेने का, काका. सर पॅकेजमधीच येतात. सिल्व्हरमधी एक सर. गोल्डमधी दोन सर, एक बाई. प्लॅटिनमला शिपाईमामा बी देतो, घंटेसकट."

"अरे, पण ते आमचे सर कसे?"

"कुणाचे तरी असतातच की."

"ते आम्हाला ओळखणार कसे?"

"काका, खरे सर ओळखतात व्हय? पन्नास वर्षांत हजार पोरं. बघतात, हसतात, 'कोण रे तू?' म्हणतात. पब्लिक नाराज होतं. आपले सर नावानिशी ओळखतात. तुम्ही फक्त फॉर्म भरून द्या."

आम्ही सिल्व्हर घेतलं. आमच्या वाट्याला पठाडे सर आले. हे गृहस्थ आयुष्यभर वेरूळला गाईड होते. मी त्यांना विचारलं, जमेल का? म्हणाले, "अहो, मी दगडाच्या आठवणी सांगून लोकांना रडवलंय. तुम्ही तर माणसं."

फॉर्ममध्ये एकच प्रश्न होता: सरांना आपली कोणती आठवण असावी असं आपणास वाटतं? चार दिवसांत सगळ्यांचे फॉर्म आले आणि मी ते वाचत बसलो. आमच्या वर्गात एकही सरळ मूल नव्हतं, असं दिसलं. वाळूजच्या कंपनीत मॅनेजर झालेले, बँकेतून स्वेच्छानिवृत्त झालेले, सासू झालेल्या, सगळे एकजात वात्रट होते. अभ्यास केल्याचं कुणीही कबूल केलं नाही. आणि निम्म्याहून जास्त लोकांनी शाळेच्या खिडकीची काच फोडली होती.

अडचण अशी की शाळेला काचेच्या खिडक्या दोनच होत्या. बाकीच्यांना लाकडी झडपा होत्या. तातडीची बैठक बोलवावी लागली. काच ही मर्यादित बाब असल्यानं तिचं वाटप न्याय्य पद्धतीनं व्हावं, असा ठराव झाला. एका खिडकीला सहा तावदानं धरून तावदाननिहाय वाटप करावं, ही सूचना मान्य झाली. मग रत्नमाला उठली. ती आता मुख्याध्यापिका आहे.

"म्हणजे मुलींनी काचा फोडल्याच नाहीत का? एक तृतीयांश तावदानं महिलांना पाहिजेत."

"अगं, पण तू कधी फोडली?" कुणीतरी विचारलं.

"संधी मिळाली नाही. तोच तर मुद्दा आहे."

चार तावदानं महिलांसाठी राखीव झाली. उरलेल्या लोकांना प्रतीक्षा यादीत टाकून तात्पुरत्या स्वरूपाच्या खोड्या देण्यात आल्या. वेणीला बेशरमाचं फूल बांधणं, घंटा लवकर वाजवणं, असल्या. मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर टाचणी ठेवण्याचा मान अध्यक्ष या नात्यानं खंडेरावांनी स्वतःकडं ठेवला.

मलाही एक तावदान मिळालं होतं. खरं सांगतो, मला लई बरं वाटलं होतं. पण ऐन वेळी मंजुषाचा फोन आला, की काच नसेल तर पुण्याहून इतक्या लांब येण्यात अर्थ नाही. महिलांचा कोटा भरलेला होता. खंडेराव म्हणाले, "मुंजाबा, तू इथलाच आहेस. तुझं काय अडलंय? सोडून दे." मी तावदान सोडलं. माझ्या नावापुढची जागा कोरी राहिली. म्हटलं, पठाडे सर हुशार आहेत, वेळेवर काहीतरी बोलतील.

मेळाव्याच्या दिवशी सगळे फेटे बांधून बसले. स्टेजच्या एका बाजूला दिवंगत गुरुजनांचे फोटो मांडले होते. त्यात हार घातलेले दांडगे सर होते. दुसऱ्या बाजूला शाल पांघरून पठाडे सर होते. श्रद्धांजली झाली आणि हजेरी सुरू झाली.

"खंडेराव! साहेबांच्या खुर्चीवर टाचणी ठेवणारा तूच ना रे, गधड्या?"

खंडेराव उठले, कान पकडले आणि हुंदका देऊन रडले. सरकारी ठेकेदार माणूस, ढसाढसा रडला.

"मंजुषा! काच!"

मंजुषानं तोंडावर हात ठेवला. "सर, तुम्हाला अजून आठवतं?"

"काचेचा आवाज अजून कानात आहे, बाळ."

सगळा हॉल डोळे पुसत होता. एकेक तावदान फुटत गेलं. मी कोपऱ्यात उभा राहून वाट बघत होतो. पठाडे सरांनी कागद वर घेतला, कोऱ्या जागेपाशी थांबले आणि माझ्याकडं पाहिलं.

"हे... हां. मंडपवाले ना तुम्ही? तो पंखा जरा वाढवा."

मी पंखा वाढवला. काय करणार!

पंख्याचं बटण मागच्या भिंतीला होतं. तिथं शेवटच्या खुर्चीवर पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा बसला होता. फेटा नाही, कुपन नाही. मी विचारायला वाकलो. ते दांडगे सर होते.

"सर! तुम्ही?"

"हर्सूलच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय," सर म्हणाले. "माझा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. म्हणलं, आपलाच कार्यक्रम हाय, जाऊन यावं. हार जरा वाकडा बसलाय रे माझा." मग हनुवटीनं स्टेजकडं दाखवत म्हणाले, "त्यो कोण?"

"ते सर आहेत, सर."

"कुणाचे?"

"सध्या आमचे."

मी धावत जाऊन खंडेरावांना आणि रत्नमालेला मागं आणलं. म्हटलं, आनंदाची बातमी आहे. पण अध्यक्षांना तसं वाटलं नाही. त्यांनी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हयातीचा दाखला आहे का?"

"नोव्हेंबरात बँकेत दिलाय की. पेन्शन चालू हाय माझी."

"तो बँकेपुरता झाला. ग्रुपवर टाकला का? नाही ना? मग आम्हाला कसं कळणार? आत्ताच श्रद्धांजली झाली, इतिवृत्तात गेलं सगळं." मग जरा नरम होऊन म्हणाले, "बरं, मला ओळखलं का?"

"तर! तू खंडेराव. लई रडायचास. दुपारी आई डबा घेऊन आली की तिचा पदर सोडायचा नाहीस. आठवीपर्यंत."

आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. खंडेरावांचा फेटा कपाळावर उतरला.

"आणि मी?" रत्नमालेनं घाईनं विचारलं. "काच?"

"तू कसली काच फोडतेस! तू फळ्यावर पोरांची नावं लिहायचीस. बोलली नसली तरी लिहायचीस."

दोघं बाजूला जाऊन बोलले आणि जागेवरच ठराव झाला. मंचावरील सर हेच अधिकृत सर समजण्यात यावेत. मागील खुर्चीवरील सर दिवंगतच राहतील. त्यांच्या आठवणी वस्तुस्थितीशी जुळत नसल्यानं त्या नोंदवून घेऊ नयेत. जेवायला हरकत नसावी. रत्नमालेनं अनुमोदन दिलं. कुपन मात्र देता येत नव्हतं, कारण कुपनं हयात लोकांपुरतीच छापली होती.

मी माझं कुपन सरांना दिलं आणि ताट वाढून आणलं. ते पुरणपोळी खात होते, मी शेजारी बसलो होतो. विचारावं की नाही, असं मनात चाललं होतं. यांनाही मी आठवलो नाही तर मग काही उरलंच नाही. धीर धरून तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"कडूबा, तूप आण की थोडं."

मी उठलोच नाही. म्हटलं, "सर, माझं नाव कसं काय?"

"कसं काय म्हंजे? भिंतीकडंचा तिसरा बाक. त्या काचा कुणी फोडल्या ते मला नाय आठवत. आंधी आली व्हती, तिनंच फोडल्या असतील. पण सगळा वर्ग घरी पळाला आन् तू काचा गोळा करीत बसला. बारक्या पोरांच्या पायात जातील म्हणून. बोट कापलं व्हतं तुझं. बघू."

मी हात पुढं केला. बोटावरचा वण त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मला तो वण कशाचा तेच इतकी वर्षं आठवत नव्हतं. मी रडलो हो, चांगला रडलो, आणि माझ्या फॉर्ममध्ये काहीही लिहिलेलं नव्हतं. मग उठून तूप आणलं.

तूप घेऊन आलो तर ऋतुराज सरांच्या पुढ्यात उकिडवा बसला होता.

"काका, आवाज खणखणीत आहे तुमचा. केस पांढरे, डोळ्यात पाणी येतं. डायरेक्ट प्लॅटिनमला लावतो."

"पण मला पोरं खरीखुरी आठवतात रे," सर म्हणाले. "तुझं गिऱ्हाईक पळून जाईल."

"दुसऱ्या शाळेची आठवतात का?"

"दुसऱ्या शाळेची कशी आठवतील?"

"मग झालं की!"

तेव्हापासून दांडगे सरांना उसंत नाही. दिवाळीपर्यंतच्या तारखा गेल्यात. फुलंब्री, पैठण, कन्नड, जिथं ज्यांचे सर कमी पडतात तिथं ते जातात आणि संध्याकाळी मला फोन करतात. "कडूबा, आज बी सगळ्यांनी काचाच फोडल्या व्हत्या रे. ह्या जिल्ह्यात उजेड तरी कुठून यायचा शाळेत?" आमच्या ग्रुपवर मात्र ते अजून दिवंगत आहेत. गुरुपौर्णिमेला त्यांच्या फोटोला सगळे हात जोडतात आणि तो फोटो मी त्यांना पाठवतो.

गेल्या रविवारी ते तुमच्या मेळाव्याला आले होते. तुम्हाला बघताच 'तूच ना रे तो!' म्हणाले, आणि तुम्ही पाया पडून डोळे पुसलेत, ते आमचे सर. छान बोलतात ना? आणि तुमच्या स्टेजवर तो हार घातलेला फोटो होता बघा, कडेच्या टेबलावर, ते तुमचे सर परवाच ऋतुराजकडं रुजू झाले. तब्येत ठणठणीत आहे. मी सहज तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही त्यांना अगदी स्पष्ट आठवता.

काच तुम्ही फोडली नव्हती, म्हणाले.