घंटाचोराचं प्रकरण

अंकुशराव चप्पल न काढताच दारात उभे राहिले, तेव्हाच तात्याराव वकिलांनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी ते हळ्ळीखेडहून भालकीला यायचे ते पिशवीभर हरभरा घेऊन. आज सोबत फक्त नात होती आणि नातीच्या हातात पुस्तक.

पुस्तक तात्यारावांचंच होतं. वकिली सोडल्यापासून ते मुलांसाठी लिहीत. आधी कायद्याचं पुस्तक झालं, मग बहमनींच्या इतिहासाचं, आणि महिन्यापूर्वी आपल्याला सातवीत शिकवलेल्या शिवशंकर गुरुजींचं चरित्र.

"पान बावीस. वाच गं," अंकुशराव म्हणाले.

आठवीतल्या विजयश्रीनं खणखणीत आवाजात वाचलं, "'वर्गातल्या अंकुशनं शाळेची पितळी घंटा चोरली, तरी गुरुजींनी त्याला शब्दानं दुखवलं नाही.'"

"कामून लिवलास रे असं?"

"अरे, सगळा वर्ग हेच म्हणायचा. घंटा गेली त्या दिवशी तूच तेवढा शाळेत नव्हतास."

"ताप होता मला! एकाहत्तर सालापासून 'घंटाचोर' ऐकायलोय. आता कुठं म्हणणारे कमी झाले, तर तू छापलास!"

"पोरांचं पुस्तक आहे. कोण एवढं मनावर घेतंय?"

"आमच्या वर्गानं घेतलं," विजयश्री म्हणाली. "मला 'घंटी' म्हणायलेत." तिनं दप्तरातून दुसरं पुस्तक काढलं. "हे पण तुमचंच हाय, वकीलआजोबा. प्रकरण चौथं. 'लोक असं म्हणतात, एवढं सांगून कुणाची बदनामी करता येत नाही. पुरावा लागतो.' तुमच्याकडं काय पुरावा हाय?"

उभ्या हयातीत कोर्टात तात्यारावांना इतक्या सोप्या भाषेत कुणी अडवलं नव्हतं. भाषा त्यांचीच होती, त्यामुळं खोडताही येईना.

"साक्षीदार आहे," ते शेवटी म्हणाले. "गुरुजी हुलसूरला आहेत."

तिघं दुपारच्या बसनं निघाले. अंकुशराव मुद्दाम दोन सीट पुढं जाऊन बसले. त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडं बघता बघता तात्यारावांना सातवीचा वर्ग आठवला. त्या काळी तात्यारावांच्या शेजारी बसून भाकरी खायला दुसरं कुणी तयार नसायचं. अंकुश न विचारता आपली अर्धी मोडून द्यायचा, वर तिखटजाळ ठेचा. हे चरित्रात कुठंच आलं नव्हतं. घंटा तेवढी आली होती.

गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. सगळं ऐकून ते पोट धरून हसले. मग हसू आवरून बाजेवर सावरून बसले.

"घंटा मी घेतली होती."

"तुम्ही?"

"हेडमास्तर माझा इतिहासाचा तास रोज दहा मिनिटं आधीच घंटा वाजवून मोडायचे. गोष्ट अर्धीच राहायची. म्हणून एक दिवस सकाळीच घंटा विहिरीत टाकली. चार दिवसांनी काढावी म्हणलं, तर मला पवता येत न्हाई! तेवढ्यात औरादला बदली झाली." त्यांनी अंकुशरावांपुढं हात जोडले. "तुझ्यावर आलं हे मला कुणी सांगितलंच न्हाई रे, लेकरा. डोळ्यापायी पुस्तकबी वाचलं न्हाई मी."

सदुसष्टीच्या लेकरानं घाईनं ते हात धरले. "असं नका करू, गुर्जी."

तात्याराव मटकन ओट्यावर बसले. "पाचशे प्रती छापल्यात, गुरुजी! आदर्श शिक्षक म्हणून!"

"मग दुसऱ्यांदा छाप. मी चोरली म्हणून लिव."

"व्हय, लिवाच," विजयश्री म्हणाली. "मग पोरं शेवटपर्यंत वाचतील."

"म्हणजे तू वाचलं नाहीस?"

"बावीस पानं वाचले की!"

या वेळी पहिले हसले ते अंकुशराव. तात्यारावांनी त्यांच्याकडं बघितलं. "चुकलं माझं, अंकुश. न विचारता लिहिलं."

"लिव आता नीट," अंकुशराव म्हणाले आणि ओट्यावर टेकून त्यांच्याकडं थोडे सरकले. तेवढं पुरेसं होतं.

गुरुजी मात्र अजून विचारातच होते. "बहमनींच्या वजिराची, महमूद गावानाची गोष्ट होती त्या दिवशी. आदल्या दिवशी त्याला अडकवणाऱ्या खोट्या पत्रापाशी येऊन थांबलेली. घंटा नव्हती, म्हणून कधी नव्हं ते पुरी सांगितली. सगळ्या वर्गानं ऐकली." ते अंकुशरावांकडं वळले. "तूच तेवढा नव्हतास. पुढचं म्हाईत हाय का?"

"ऐकलंय इकडनं तिकडनं. तुमच्या तोंडून न्हाई."

"मग बस खाली."

अंकुशराव फरशीवर मांडी घालून बसले. त्या गोष्टीवर अख्खं प्रकरण लिहिलेले तात्यारावही उतरून त्यांना खेटून बसले. गुरुजींनी घसा साफ केला आणि सुलतानाचा आवाज काढला. रस्त्यावरून भालकीची बस दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. कुणीच उठलं नाही.