फाइनचा बाप कोन?

डोमाजी पाटील इंग्रजी शब्दांची झडती घ्यायचे. वेशीवर अनोळखी माणूस आला की त्याला जसं दरडावून विचारतात, तसंच.

"ठेसन म्हन्ता, बरं. त्याचं गाव कोनतं? बाप कोन?"

उत्तर मिळालं नाही तर तो शब्द ते तोंडात घेत नसत. "बेवारशी हाय लेकाचा," म्हणायचे. अकोल्याला आगगाडी येणार असं ठरलं, सगळं गाव ठेसन ठेसन करू लागलं, पाटील मात्र त्याला 'आगगाडीचा तळ'च म्हणत राहिले.

मी तेव्हा अकोल्याच्या कापूस बाजारात माल तपासणाऱ्या सरकारी साहेबाचा दुभाषी होतो. अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्याकडच्या काळ्या मातीतल्या बोंडांवर सगळ्या जगाचा डोळा. बाजारात गाड्यांची अशी दाटी, की बैलांच्या पोटाखालून वाट काढावी लागे. मी पुण्याकडून नोकरीसाठी आलेला. इकडची माणसं साधी चौकशी करायची तरी मला वाटायचं, भांडायलाच आली. माझं इंग्रजी म्हणजे शाळेतली दोन पुस्तकं आणि बाकी सगळा धीटपणा.

पाटील हिवरखेडहून कापूस घेऊन यायचे. साठीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बैल सोडले की थेट माझ्या खोलीच्या ओट्यावर. माझी आई आणि दोन बहिणी पुण्यात माझ्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या असतात, हे मी त्यांना दुसऱ्याच भेटीत सांगून बसलो होतो. कसं कोण जाणे. माणसाचीही झडती ते तशीच घ्यायचे.

एकदा साहेबानं त्यांच्या गाडीतला चिमूटभर कापूस ओढून पाहिला, तंतू ताणला आणि म्हणाला, "फाइन!"

"उत्तम!" मी ओरडून सांगितलं.

संध्याकाळी पाटील हजर. "पंत, हे फाइन कोनाचं पोरगं?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. पण ते थांबतात कुठले? आठ दिवस साहेबाच्या मागं मागं हिंडून त्यांनी स्वतःच तपास केला. साहेब मलमलीला फाइन म्हणतो, कारण ती तलम. निरभ्र आभाळालाही फाइन म्हणतो. एका दांडग्या घोड्यालाही म्हणाला. "तलमही तोच अन् दांडगाही तोच?" पाटील चक्रावले. "या शब्दाच्या सोयरिकी लय गावात हायेत पंत. याच्यावर नजर ठेवा."

मी नजर ठेवली नाही, आणि तिथंच घात झाला.

पुढच्या खेपेला पूर्णा नदीच्या उतारात त्यांच्या गाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि तळाचा कापूस भिजला. त्या दिवसांत वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे खूप झाले होते. साहेबानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, ओला हात बाहेर काढला आणि भराभर काहीतरी बोलला. त्यातला एकच शब्द मला कळला.

"फाइन!" मी गर्जलो. "साहेब म्हणतात, उत्तम!"

आजूबाजूच्या गाडीवाल्यांनी वाहवा केली. पाटलांनी फेटा सारखा केला. एवढ्यात शिपाई दंडाची चिठ्ठी घेऊन आला.

रात्रीपर्यंत दम निघाला नाही. मी धावत जाऊन कोश उघडला आणि ओट्यावर पाटलांपाशी परत आलो. "पाटील, फाइन म्हणजे दंडसुद्धा. चूक माझी झाली."

"तुमची काऊन? त्या शब्दालेच दोन तोंडं हायेत. भर बाजारात सायबानं उत्तम म्हटलं, सगळ्यायनं आयकलं. मी दंड भरत नाई."

अडत्यानं समजावलं. कचेरीतल्या कारकुनानं धमकावलं. पाटलांचं एकच: "माहा कापूस पूर्नेनं भिजवला. तिले नेऊन उभी करा सायबापुढं." बैल जप्त करू म्हणाले, तर यांनी स्वतःच बैल सोडून कचेरीच्या दारात आणून बांधले. "घ्या. वैरन तुमची." तिसऱ्या दिवशी बैलांच्या शेणाला कंटाळून साहेबानं त्यांना आत बोलावलं.

साहेब तापला होता. पाटील त्याहून.

"पंत, सायबाले इचारा. या शब्दाचा बाप कोन?"

मी भीत भीत विचारलं. साहेब खुर्चीत मागं रेलला. जुन्या भाषांचा त्याला नाद असावा. म्हणाला, बाप एकच. रोमच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ होता शेवट. शेवटपर्यंत नेऊन पुरं केलेलं काम ते उत्तम, ते तलम. आणि ज्यानं तंट्याचा शेवट होतो, तो दंड.

मी मराठीत सांगितलं. पाटलांनी मांडीवर थाप मारली. "मंग झालं तं! बापच म्हन्तो शेवट. भांडन संपलं. बैल सोडा."

कचेरी हसली. साहेबही हसला. मग एकाएकी गंभीर झाला आणि मला म्हणाला, "याला विचार, बाजारात फाइनचा अर्थ याला दुभाष्यानं काय सांगितला?"

चुकीचं भाषांतर केलं म्हणून माझ्या आधीच्या दुभाष्याला त्यानं उभ्या उभ्या काढलं होतं. आता तो प्रश्न मलाच विचारायचा होता, माझ्याच तोंडानं. मी विचारला. एक अक्षर बदललं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच तळहात कानामागं नेला.

"काय म्हन्ता?"

मी मोठ्यानं विचारलं.

"पंतानं दंडच सांगतला व्हता. मले कमी आयकू येते. वय झालं आता."

एवढ्याशा वाक्याचं इंग्रजी करायला मला फार वेळ लागला.

पाटलांनी दंड भरला. बाहेर आल्यावर मी काही बोलू लागलो तर खेकसले, "शिपाई पाहून राहिला ना! जोरानं बोला. मी बहिरा हाय."

त्या दिवसापासून मी अकोल्यात असेपर्यंत पाटील बाजारात बहिरे राहिले. शिपाई "हटो, हटो" ओरडत आले तरी गाडी तसूभर हलवायचे नाहीत. बहिऱ्याला हुकूम कोण देणार? त्याची त्यांना मोठी मौज वाटे. पण अडते त्यांच्या तोंडावर, हसत हसत, त्यांच्या निपुत्रिकपणावर नको ते बोलायचे. ज्या माणसानं साहेबाचं ऐकून घेतलं नाही, तो ते सगळं ऐकायचा आणि चेहऱ्यावर रेघ उमटू द्यायचा नाही. माझ्या खोलीचं दार लावलं, की मगच कुजबुजत विचारायचे, "आज सायेब नवं काय बोलला?"

दोन वर्षांनी माझी अमरावतीला बदली झाली. निघालो त्या सकाळी बाजार भरलेला, शिपाई, अडते सगळे भोवती. मी पाटलांच्या कानाशी तोंड नेलं आणि इतरांसारखाच ओरडलो, "काका, येतो मी!"

आजवर त्यांना मी पाटीलच म्हणत आलो होतो.

त्यांनी कानामागं तळहात धरला. "काय म्हटलं?"

"काका, येतो!"

त्यांचे डोळे डबडबले होते. तरी मान हलवून म्हणाले, "नाई आयकू आलं पंत. आजून एकडाव म्हना."