तुम्ही गुंडाळा, मी वाचतो

पाय मोडलेल्या माणसाला भेटायला जाताना लोक मोसंबी नेतात, बिस्किटांचे पुडे नेतात. आमच्या पंचवटीतल्या कॉलनीतले गायधनी आप्पा शिंप्याची टेप घेऊन जायचे. पिवळी, कडा विरलेली. कसे पडलात, कुठे पडलात, काही विचारणं नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात टेप द्यायची. "पोटरीला गुंडाळा. आधी चांगला पाय, मग मोडका. तुम्ही गुंडाळा, मी वाचतो."

स्वतः मात्र पेशंटच्या पायाला बोटही लावायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे, मान पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हा माणूस नव्वदच्या दशकातही इतका सोवळ्यातला कसा, असं मला वाटायचं. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे शेजारी कुणाचं हाड मोडलं की माझीही वरात निघे. "मॅडम, तुम्ही हिशोबाच्या. वजाबाकी करा. फरक म्हणजे सूज."

आप्पा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी घोटी-इगतपुरीकडे पाटाचं पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेलेली. त्यामुळे माणसाचं शरीरही पाटबंधारे खात्याच्याच अखत्यारीत येतं, असा त्यांचा समज होता. "मॅडम, माणूस खाटेवर पडून राह्यला का पायात रक्त साचतं. साचलं का त्याची गाठ. गाठ सुटली का मेन कॅनॉलनं थेट छातीत. खेळ खलास! वाहतं पायजे, वाहतं पायजे!"

एकदा त्यांनी शेजारच्या काकांची पोटरी मोजायला लावली. काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, यांचा हात मोडलाय!" आप्पा शांतपणे म्हणाले, "पण पडून हायेत ना?" दुसऱ्या एकाला, स्कूटरवरून पडून पाय मोडलेल्याला, ते रिक्षात घालून कॉलेज रोडला घेऊन गेले. पायातलं रक्त वाहतंय की नाही ते दाखवणारी सोनोग्राफी तिथे नुकतीच आली होती. डॉपलर म्हणायचे तिला. त्या बिचाऱ्याचा पाय अगदी स्वच्छ निघाला. पुढे आप्पा गेटातून येताना दिसले की बायका नवऱ्याच्या पायावर चादर ओढायच्या आणि झोप लागली म्हणून सांगायच्या. हाडांचे डॉक्टर तर त्यांना जिन्यात पाहून मागच्या दाराने सटकत. आप्पांचा संशय आजवर एकदाही खरा ठरला नव्हता.

मग आमची माई पडली. माई म्हणजे माझी आई. वणीच्या गडावरून उतरताना पायरी चुकली आणि मांडीचं हाड मोडलं. "देवीनं एकाच पायावर भागवलं," हे तिचं त्यावरचं मत. डॉक्टरांनी आत सळई घातली, घरी पाठवलं आणि हळूहळू पाय हलवायला सांगितलं. पण घोटीची मावशी तिच्या शुश्रूषेला आली होती आणि मावशीचं वैद्यकशास्त्र वेगळं होतं. "बिल्कूल हलायचं नाय, अक्का. हाड सांधू दे." माईला कूसही बदलू देत नव्हती. प्रेमच ते, दुसरं काय!

काही दिवसांनी माईची त्याच पायाची पोटरी ठणकायला लागली. मावशीने तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण घालून कढवलं, वाटी घेऊन खाटेवर बसली. "चोळलं का मोकळं व्हतंय." मलाही ते पटलं होतं. आमच्या घरात दुखऱ्या पायाला दुसरं कधी काही केलंच नव्हतं.

आप्पा दारात आले ते वासानेच ओरडले. "हात लावू नका!"

चप्पल घालूनच ते आत शिरले. आयुष्यात कुणाला स्पर्श न करणाऱ्या या माणसाने मावशीच्या हातातली गरम वाटी हिसकावली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. तेल त्यांच्या बोटांवरून ओघळलं. "हा कोण मुडदा आला?" मावशी किंचाळली. आप्पांनी माझ्यापुढे टेप धरली.

मी गुंडाळली, त्यांनी वाचलं. वजाबाकी करायची गरजच नव्हती. पोटरी टम्म फुगली होती आणि माझ्या हाताला गरम लागत होती. मी डॉक्टरांना फोन केला. आप्पांचं नाव काढताच ते आधी सुस्कारले. मग पोटरी कशी दिसते ते ऐकल्यावर म्हणाले, "हलवाहलव न करता, आडवं ठेवून न्या. लगेच न्या."

डॉपलरच्या अंधाऱ्या खोलीत मशीनमधून माईच्या रक्ताचा आवाज येत होता, सूं सूं. डॉक्टरीणबाई मशीनचा दांडा मांडीवरून खाली आणत होत्या. गुडघ्यामागे आवाज थांबला. "गाठ आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच ॲडमिट करा. बरं झालं कुणी चोळलं नाही."

मावशीने तोंडाला पदर लावला. मी आप्पांकडे वळून हात जोडले. त्यांचं लक्षच नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते.

"गाठ अशी दिसती व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो, आता दिसते."

"आधी नव्हतं ना हे मशीन?"

"नाशकात नव्हतं, काका."

आप्पांनी मान हलवली आणि बाहेर गेले. पहिल्यांदाच त्यांचं खरं ठरलं होतं. मला वाटलं होतं, आता कॉलनीभर मिरवतील. ते बाहेरच्या पायरीवर, चपलांच्या गर्दीत बसून होते.

इंजेक्शनं झाली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, माई घरी आली. आप्पा टेप घेऊन हजर. हात पाठीमागे.

"आप्पा," माई म्हणाली, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"आमच्या मंडळीनं," आप्पा म्हणाले. "नडगी मोडली व्हती तिची. प्लास्टर काढलं आन् पोटरी सुजली. मी रोज सांजच्याला तेल लावून चोळायचो. दार लावून घ्यायचो. बायकोचे पाय दाबतो म्हणून लोक हसले असते. ती म्हणायची, लय बरं वाटतंय, थांबू नका. मग मी कशाला थांबतोय? एक दिवस चोळता चोळताच उठून बसली. श्वास पुरंना. तिला धरायला गेलो तर तेलानं हातच निसटत व्हते."

मावशी दाराशी उभी होती. तिने डोळे पुसले.

"डॉक्टर म्हणले, चोळल्यानं गाठ सुटली असंल, नायतर आपसूक बी सुटली असती. सांगता येत नाय. पण हात तर माझेच ना, माई."

सोवळं! इतकी वर्षं मी त्या हातांना सोवळं समजत होते. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे बघवेना.

माईने पांघरूण बाजूला केलं आणि पाय पुढे केला. मोडका नव्हे, चांगला. "या पायाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आज टेप तुम्ही गुंडाळा."

"नको, माई."

"गुंडाळा म्हणते ना."

आप्पांचे हात पाठीमागून पुढे आले. वाटीच्या चटक्याचे डाग अजून बोटांवर होते. ते खाली वाकले. माईच्या सुरकुतलेल्या पोटरीभोवती त्यांनी टेप नेली, टोकं जुळवली आणि तसेच धरून राहिले. आम्ही आकडा ऐकायला थांबलो. आकडा येईना.

"किती, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. टेप सोडली नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मी गुंडाळलीय. तुम्ही वाचा."